हॅरिसबाईंना मत का? माझं 'लिबरल' असणं माणदेशातून आलंय

माणदेशी | १३ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.४०

काल आमच्या गावच्या मंडळींचा दसरा झाला. आपट्याची पानं इथे कुठली, पोरांनी सोनेरी कागदाची कापली होती. एका काकांनी माझ्या हातावर पान ठेवता ठेवता विचारलं, "काय गं, ऐकलं ते खरं? तू कमलाला मत देणार? शिकलीसवरलेली ना तू?" मी "सोनं घ्या काका" म्हणून भेळेच्या टेबलाकडे सटकले. रात्री मात्र झोप येईना. उत्तर होतं, पण ते भेळेच्या प्लेटीत मावणारं नव्हतं. म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरचा हा धागा.

आधी माझी कुंडली. मूळ गाव माणदेशातल्या सांगोला तालुक्यात. १९९८ ला एच-४ वर आले, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाची शेपूट. एमएस्सी असून कितीतरी वर्षं नोकरी करायची परवानगी नाही. २०१२ ला नागरिक झाले आणि त्याच वर्षी पहिलं मत दिलं. राहतो पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला चेस्टर काउंटीत. २०१६ ला हे राज्य ट्रम्पनी साधारण ४४ हजार मतांनी घेतलं, २०२० ला बायडननी साधारण ८० हजारांनी. अध्यक्ष निवडणारे १९ इलेक्टर या राज्याचे आहेत, त्यामुळे सध्या दारावर रोज कुणीतरी असतं आणि टपालपेटीत बिलांपेक्षा पत्रकं जास्त. नवरा रिपब्लिकन आहे. डोंबिवलीचा. तो हे वाचणार आहे, तेव्हा सांभाळून लिहिते.

लिबरल ही आता आपल्याकडे शिवी झाली आहे, इथेही झाली आहे. मी कुठलंही पुस्तक वाचून लिबरल झाले नाही. मी झाले ती खडीवर.

१९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा वर्षाची. आजी आणि आई दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. लिंबाच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून मला त्यात टाकायच्या. आजी सांगायची, मुकादम मस्टरवर नाव लिहायचा तेव्हा जात विचारायचा नाही, हात बघायचा. (पुढे मला कळलं की विचारायचेही. आजीच्या मुकादमाने विचारली नसेल.) दुपारी सुकडी मिळायची. आणि रेशनवर मिलो, ती लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली. जनावरांचं खाणं म्हणून लोक नाक मुरडायचे, आणि खायचे. म्हणजे अमेरिकेचं अन्न माझ्या पोटात मी इथे यायच्या २६ वर्षं आधीच गेलं होतं.

वि. स. पागे हे नाव इथल्या किती जणांना माहीत असेल? तासगावकडच्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांची. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. साऱ्या देशाला असा कायदा मिळायला २००५ उजाडलं. आमच्याकडचा पाझर तलाव, बंडिंग, शाळेपर्यंतचा रस्ता, सगळं त्या मस्टरवरचं. मी ज्या रस्त्याने हायस्कूलला गेले त्याची खडी माझ्या आईने फोडली होती. आणि पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. डोंबिवलीच्या सासऱ्यांच्या पगारपत्रकावर ती कपात असायची. नवरा चिडवतो, "तुझ्या आजीची सुकडी माझ्या बाबांनी दिली." मी म्हणते, दिली ना? मग आता तू कुरकुर का करतोस?

माझं राजकारण एवढंच आहे हो. ज्याला पगारपत्रक आहे त्याच्याकडून थोडं कापून घ्यावं आणि ज्याला नाही त्याला उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून द्यावं. याला इथे लिबरल म्हणतात. सांगोल्यात याला आम्ही काहीच म्हणत नव्हतो.

मग मे २००८. ग्रीन कार्ड हातात, घर नवं, आणि नवऱ्याची नोकरी गेली. नोकरीबरोबर विमा गेला. जुनाच विमा स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायची जी सोय आहे तिचं नाव 'कोब्रा'. हप्ता ऐकल्यावर फणाही दिसला. दुसरीकडे अर्ज केला तर एका कंपनीने मला नाकारलं, कारण दुसऱ्या बाळंतपणात साखर वाढली होती. बाळंतपण हा 'आधीपासूनचा आजार'! पाच महिने आम्ही मुलांना सायकल चालवू दिली नाही, पडून हात मोडला तर काय, म्हणून. २०१० चा ओबामांचा कायदा आला आणि २०१४ पासून कुणालाही असं नाकारणं बंद झालं. आम्हाला त्याचा उपयोग नव्हता, तोवर नोकरी लागली होती. पण २८ जुलै २०१७ च्या पहाटे ट्रम्पच्याच पक्षाच्या मॅकेननी सिनेटमध्ये तो रद्द करायच्या विरोधात अंगठा खाली केला आणि तो कायदा ५१-४९ ने वाचला, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटी रडले होते. गेल्या महिन्यात इथे फिलाडेल्फियातच वादचर्चा झाली. नऊ वर्षांनी तुमची आरोग्य योजना तयार आहे का, असं ट्रम्पना विचारलं. म्हणाले, योजनेच्या संकल्पना आहेत.

तिसरं कारण माझ्या लेकीचं. ती टेक्सासमध्ये शिकते. त्यावर जास्त लिहीत नाही, समजणारे समजतील.

आता बाई. त्यांच्या आई श्यामला गोपालन १९५८ मध्ये १९ व्या वर्षी एकट्या बर्कलेला आल्या, हे वाचून मला कौतुक वाटतं, पण मी इडली-सांबाराला मत देत नाही. २०१९ मध्ये त्या फ्रॅकिंगवर (खडक फोडून तेल-वायू काढणं, इथला मोठा धंदा) बंदी घालू म्हणत होत्या, आता नाही म्हणतात, कारण पेनसिल्व्हेनिया. दिसतं ते. मुलाखतीत सरळ प्रश्नाला वळसा घालतात. प्राथमिक फेरीत लोकांनी निवडलेल्या नाहीत, २१ जुलैला बायडन बाजूला झाले आणि यांना पुढे केलं. हे सगळं मान्य करून मी त्यांना मत देणार आहे.

कारण २०२०. इथल्या टपाल मतदानाचा कायदा २०१९ चा, रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने केलेला. निवडणूक हरल्यावर ट्रम्पच्या बाजूच्या लोकांनी न्यायालयात जाऊन टपालाने आलेली २५ लाखांवर मतं बाद करा म्हणून मागणी केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. त्या २५ लाखांत माझं एक होतं. आणि माझ्या नवऱ्याचं एक होतं, ते ट्रम्पनाच दिलेलं! ज्याला मत दिलं त्याच्याच माणसांनी ते कचऱ्यात टाकायला निघावं? हे मी त्याला चार वर्षं विचारते आहे. मग आली ६ जानेवारी, ट्रम्पसमर्थक संसदेत घुसले तो दिवस.

बोला आता. शिव्या माणदेशी चालतील, बाकीच्या नकोत.

---

जर्सीकर | १३ ऑक्टोबर, रात्री १०.१५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शतकी होणार.

---

शेंगदाणा | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.०५ (पुणे)

छान लिहिलंय. एक बाळबोध शंका. आम्ही शाळेत गोखले-रानडे-आगरकर 'उदारमतवादी' शिकलो. ते म्हणजे सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी, असंच ना? मग कर वाढवणारे लिबरल कसे?

---

अटकेपार | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.५० (डॅलस)

ताई, लेखन उत्तम, निष्कर्ष चूक. आणि आधी एक दुरुस्ती. व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा. सुकडी ७२-७३ ची. तेव्हा तुमच्या सासऱ्यांनी आजींना सुकडी दिलेली नाही. यजमानांना सांगा, फुकटचं श्रेय घेऊ नका.

आता मुद्दे.

१. रोजगार हमीत काम करावं लागायचं. उन्हात खडी फोडल्यावर पैसे. डेमोक्रॅट जे वाटतात ते घरबसल्या. दोन्हीला एक म्हणणं हा तुमच्या आजीचा अपमान.

२. सीमा. मी १७ वर्षं रांगेत उभा राहिलो, प्रत्येक कागद, प्रत्येक बोटांचे ठसे. गेल्या डिसेंबरात एका महिन्यात दक्षिण सीमेवर अडीच लाखांच्या आसपास लोक पकडले. आणि आम्ही गप्प बसायचं?

३. महागाई. जून २०२२ ला ९.१ टक्के. आता दर उतरलाय म्हणतात, पण किमती कुठे उतरल्या? माझ्याकडे २२ माणसं कामाला आहेत, मला पगारवाढ द्यावी लागते.

४. तुमच्या लेकीच्या मुद्द्याचा मी आदर करतो. पण न्यायालयाने गर्भपातावर बंदी घातलेली नाही, निर्णय राज्यांकडे दिला. ही लोकशाहीच आहे.

ट्रम्प मला माणूस म्हणून आवडत नाहीत. तोंड सैल आहे. पण मी जावई शोधत नाहीये.

---

माणदेशी | १४ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

अटकेपार, १९७५ मान्य. नवऱ्याला वाचून दाखवलं, चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण मग ७२ चे पैसे कुठले? सरकारी तिजोरीतले, म्हणजे मुंबईतल्या कुणाच्या ना कुणाच्या करातलेच. श्रेय सासऱ्यांचं नाही, त्यांच्या शेजाऱ्याचं असेल.

घरबसल्याबद्दल. मी काउंटीच्या अन्नछत्रात शनिवारी जाते. येणाऱ्यांत निम्मे अंगावर कामाचा गणवेश घालून आलेले असतात. गोदामातली पाळी संपवून थेट. या देशात पूर्ण वेळ खडी फोडूनही सुकडीची रांग लागते, हे मला इथे आल्यावर कळलं.

सीमेचं तुमचं बरोबर आहे. डेमोक्रॅटांनी तीन वर्षं झोपा काढल्या. पण फेब्रुवारीत सिनेटमध्ये दोन्ही पक्षांनी मिळून कडक विधेयक तयार केलं, ओक्लाहोमाचे रिपब्लिकन लँकफर्ड त्यात पुढे होते. ट्रम्पनी नको म्हटलं आणि ते पडलं. आग विझवायची नाही, कारण ती प्रचाराला लागते.

शेंगदाणा, शंका बाळबोध नाही. आगरकरांचंच घ्या. १८९१ ला संमतिवयाचा कायदा आला. टिळक म्हणाले परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये. आगरकर म्हणाले शिरावं. म्हणजे आपल्याकडचे उदारमतवादी सरकारला बाहेर ठेवा म्हणणारेच होते असं नाही. युरोपात अजून लिबरल म्हणजे खुल्या बाजाराचा. अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळापासून तो शब्द आमच्यासारख्या करवाल्यांना चिकटला.

---

अटकेपार | १४ ऑक्टोबर, दुपारी १.१०

सापडलात! १८९१ ला सरकारने घरात शिरावं, आणि २०२४ ला सरकारने बाईच्या डॉक्टरच्या खोलीत शिरू नये. ठरवा काय ते.

---

जर्सीकर | १४ ऑक्टोबर, दुपारी १.१४

बिनतोड. (मी डेमोक्रॅट आहे, तरी.)

---

माणदेशी | १४ ऑक्टोबर, रात्री ११.०५

दिवसभर यावर विचार केला, ऑफिसात एक मीटिंगही चुकवली.

१८९१ चा कायदा वय १० वरून १२ करणारा होता. दहा वर्षांची मुलगी. घर म्हणजे कुणाचं घर? तिचं नव्हतंच ते. तिच्या शरीरावर दुसऱ्याची सत्ता होती आणि कायदा तिच्या बाजूने आत शिरत होता. टेक्सासचा कायदा बाईच्या विरुद्ध बाजूने आत शिरतो. मला सरकार आत आहे की बाहेर, याने फरक पडत नाही. ते कुणाच्या शेजारी जाऊन उभं राहतं ते बघायचं. हे उत्तर पुरेसं आहे का माहीत नाही. आगरकर असते तर अजून चार ओळींत फाडून ठेवलं असतं, मला की तुम्हाला ते सांगता येत नाही.

---

कुंदा_बेळगावी | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.२० (बेळगाव)

मी सहसा लिहीत नाही, वाचते. वय ७६, स्त्रीरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. राज्यांकडे दिलं म्हणजे लोकशाही, हे वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून टंकते आहे, चुका पोटात घाला.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ चा. मी शिकत होते तेव्हा त्याआधीच्या बायका वॉर्डात यायच्या. काडी घातलेल्या, मुळी घातलेल्या, ताप चढलेल्या. सीनियर डॉक्टर म्हणायचे, हिला वाचवायचं असेल तर आता करा, नंतर नको. कायदा आल्यावर ते वॉर्ड हळूहळू रिकामे झाले. कायद्यासाठी कुणी मोर्चा काढला नव्हता, सरकारने समिती नेमली, डॉक्टरांना विचारलं, कायदा केला. आमच्या पिढीला त्याची किंमत कळली नाही, सहज मिळाला म्हणून.

मग २०१२. आमच्या बेळगावची मुलगी, सविता हलप्पनवार. दाताची डॉक्टर, ३१ वर्षांची, आयर्लंडमध्ये गॉलवेला. १७ वा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे ठरलेलं. तिने आणि नवऱ्याने मोकळं करा म्हणून विनवलं. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून थांबले. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने गेली. ती इथे असती तर बेळगावातल्या कुठल्याही बऱ्या दवाखान्यात वाचली असती. हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा म्हटलं असेल! पुढे आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेतलं, ६६ टक्क्यांनी बंदी उठवली. तिचे फोटो लोकांनी भिंतींवर लावले होते.

टेक्सासच्या कायद्यात आईच्या जिवाला धोका असेल तर सूट आहे म्हणतात. आयर्लंडमध्येही जीव धोक्यात असेल तर चालत होतं. प्रश्न असा असतो की धोका कधी झाला म्हणायचा, आणि ते कोण म्हणणार. चुकलं तर डॉक्टरला जन्मठेप होऊ शकते असा कायदा असेल तर डॉक्टर वाट बघतो. मीही बघितली असती. मी काही फार शूर नव्हते.

माणदेशी, लेकीला माझा नंबर द्या हवा तर. वेळेचा फरक आहे, पण म्हातारीला झोप कमीच असते.

---

अटकेपार | १५ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

कुंदाताई, नमस्कार. तुमच्यापुढे मी काही बोलत नाही. टेक्सासचा कायदा फार पुढे गेला हे मलाही वाटतं. आमच्याकडे मुलगेच आहेत, म्हणून कदाचित मी एवढा विचार केला नसेल. मत बदललं नाही, पण हा मुद्दा मी परत मांडणार नाही.

---

प्रतीक्षा_यादी | १५ ऑक्टोबर, दुपारी ४.००

तुम्ही सगळे भाग्यवान, मत देता म्हणून भांडता. मी २०११ पासून इथे. ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्डाची रांग), भारत. नोकरीवाली ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, त्यात एका देशाला ७ टक्क्यांवर नाही. आइसलँडलाही ७ आणि भारतालाही ७. लेक चार वर्षांची असताना आली, आता सतरा. २१ ची झाली की माझ्या अर्जातून बाहेर. तिला मराठी धड येत नाही आणि तिला भारतात परत जा म्हणणार.

रिपब्लिकनांनी काय केलं? जून २०२० मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर येणं बंदच केलं, माझा भाऊ पुण्यात अडकला. आणि डेमोक्रॅटांनी? २०१९ मध्ये देशनिहाय मर्यादा काढायचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५-६५ ने पास झालं, पुढे सिनेटमध्ये रखडलं. ते अडवणाऱ्यांत इलिनॉयचे डर्बिन होते, डेमोक्रॅट. २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा आणलं, तेव्हा प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांच्या हातात होतं, मतदानाआधीच मागे घेतलं. जूनमध्ये ट्रम्प म्हणाले, पदवीबरोबर ग्रीन कार्ड देऊ. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पेढे वाटायचे बाकी होते. त्यांच्याच प्रचारकांनी लगेच त्याला इतक्या अटी लावल्या की पेढे तसेच राहिले.

ताई, तुमचं लिबरल असणं माझ्या लेकीपर्यंत पोचत नाही.

---

माणदेशी | १५ ऑक्टोबर, रात्री ९.२०

नाही पोचत. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगते, एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मे २०१५ मध्ये ओबामांनी दिली, ट्रम्पच्या काळात ती काढायची तयारी झाली होती, निघाली नाही. पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, हे मलाही कळतं.

---

निळापाऊस | १६ ऑक्टोबर, रात्री १२.४५ (मिशिगन)

आजीच्या मुकादमाने जात विचारली नाही, आणि कंसात 'विचारायचेही'. कंस टाकलात म्हणून लिहितोय, नाहीतर धागा बंद करून गेलो असतो. माझी आजी त्याच दुष्काळात आटपाडीकडे कामावर होती. तिला पाण्याचा वेगळा डेरा होता.

मी इथे आलो तेव्हा वाटलं होतं, बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात आले आणि त्यांना मोकळा श्वास मिळाला, तोच आपल्याला मिळेल. मग ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एका मराठी बांधवाने आडनाव विचारलं, मग गाव, मग 'गावात कुठे?' कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातिभेदाविरुद्ध विधेयक पास केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसमनी ते नाकारलं. डेमोक्रॅट. आमच्या मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात निवडून गेलेले श्री ठाणेदार, बेळगावकडचे, गरिबीतून वर आलेले, मराठी बोलणारे, डेमोक्रॅट. तेही विधेयकाच्या विरोधात. सिअ‍ॅटलमध्ये कायदा झाला तो तिथल्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांच्यामुळे, आणि त्या आता हॅरिसना पाडा म्हणून आमच्याच राज्यात फिरताहेत, गाझावरून.

फेब्रुवारीत पक्षाच्या प्राथमिक फेरीत बायडनविरुद्ध 'अनकमिटेड'ला, म्हणजे 'कुणालाच नाही'ला, इथे लाखावर मतं पडली. त्यात माझं होतं. डेट्रॉईटच्या बाजूला अरबबहुल डिअरबर्नमध्ये राहतो, शेजारच्यांच्या घरी फोनवर काय येतं ते बघितलंय. तेव्हा नोव्हेंबरचं अजून ठरलं नाही. २०१६ ला हे राज्य १०,७०४ मतांनी गेलं होतं, हा आकडा मला पाठ आहे. तो दाखवून धमकावू नका, एवढी विनंती.

---

जर्सीकर | १६ ऑक्टोबर, सकाळी १०.००

मी कशाला धमकावू, न्यू जर्सीत माझ्या मताला कोण विचारतं. आमच्या घरमालकी कराची वजावट ट्रम्पनी २०१७ च्या कायद्यात १० हजार डॉलरवर आणून ठेवली, माझं लिबरल असणं तिथून सुरू होतं. खडीबिडी काही नाही.

---

शेंगदाणा | १६ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

इथे पुण्यात तुमची निवडणूक आमच्या विधानसभेपेक्षा जास्त चघळली जातेय. आमचं मतदान २० नोव्हेंबरला, कालच जाहीर झालं. मिलोवरून आठवलं, आमची आजी म्हणायची अमेरिकेने ज्वारी दिली आणि काँग्रेस गवतही दिलं.

---

अटकेपार | १६ ऑक्टोबर, सकाळी ११.२५

गवत मिलोबरोबर नाही, त्याच्या बरंच आधी पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदतीच्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात. पन्नासच्या दशकातच पुण्यात नोंद आहे.

---

प्रशासक | १६ ऑक्टोबर, दुपारी २.००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. उमेदवाराच्या वर्णावरून आणि कढीच्या वासावरून विनोद इथे चालणार नाहीत. गवतावर वेगळा धागा काढावा.

---

माणदेशी | १६ ऑक्टोबर, रात्री १०.३०

निळापाऊस, डेरा ही गोष्ट मला माहीत होती. लिहिताना कंसात कोंबली, कारण बाहेर काढली असती तर माझी आजीची गोष्ट इतकी छान राहिली नसती. हे माझ्या लिबरलपणाचं खरं दुखणं आहे, तुम्ही बोट ठेवलंत. तुमच्या मताबद्दल मी काही म्हणणार नाही. गाझावर हॅरिसबाई जे बोलतात त्यात मला शब्दच दिसतात.

आज कोजागिरी. दूध आटवलंय, ढग आहेत, चंद्र दिसत नाही.

---

निळापाऊस | १६ ऑक्टोबर, रात्री ११.५०

इथे दिसतोय. तुमचा कंस काढून टाकलात तर बरं होईल. वाक्य बाहेर ठेवा.

---

माणदेशी | २० ऑक्टोबर, सकाळी ९.१५

काल दोघं जेवणाच्या टेबलावर टपाल मतपत्रिका घेऊन बसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे दोन पाकिटं असतात. मतपत्रिका आतल्या गुप्त पाकिटात, ते बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलात तर मत बाद. तारखेवरून तर चार वर्षं कोर्टकचेऱ्या चालू आहेत.

मध्ये भाजीचं पातेलं ठेवलं होतं, एकमेकांचं दिसू नये म्हणून. दिसायचं काय राहिलंय म्हणा.

त्याने सही केली, तारीख घातली, पाकीट बंद केलं आणि माझ्याकडे सरकवलं, काउंटीच्या पेटीत टाकायला. मी सहज बघितलं. महिन्याच्या चौकटीत १९ आणि दिवसाच्या चौकटीत १०. पंचवीस वर्षं झाली या देशात येऊन, हात अजून डोंबिवलीचाच.

दहा सेकंद गप्प होते, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, "अरे, एकोणिसावा महिना कुठला?"

त्याने बघितलं, कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "सांगितलंस कशाला? एक कमी झालं असतं तुझ्या बाईंविरुद्ध."

उद्या सोमवारी वेस्ट चेस्टरला काउंटीच्या निवडणूक कार्यालयात जाऊन काय करता येतं ते विचारायचं ठरलं आहे. त्याची गाडी गॅरेजला आहे, मीच सोडणार. माझं पाकीट अजून टाकलेलं नाही, ते उद्याच सोबत नेते.